पिशव्यांचं पुण्य

हल्ली कुठलाही समारंभ कापडी पिशवीशिवाय पार पडत नाही. चर्चासत्राला पिशवी, मुंजीला पिशवी, पतपेढीच्या वर्धापनदिनाला पिशवी. प्रत्येकीवर हिरव्या शाईत एक झाड आणि वसुंधरेला वाचवण्याचं आवाहन. दारामागच्या खुंटीवर इतकी वसुंधरा लटकते आहे की दार पुरतं उघडत नाही.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली या पिशव्यांचा हिशेब मांडला. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीशी तुलना केली, तर सुती पिशवीचं हवामानाकडचं देणं ५२ वापरांत फिटतं. पाणी, खतं, ओझोनचा थर असं सगळंच जमेला धरलं, तर ७,१०० वापर लागतात. रोज मंडईत नेली तरी साडेएकोणीस वर्षं. कापूस सेंद्रिय असेल तर आकडा २० हजारांवर जातो, म्हणजे जवळजवळ ५५ वर्षं. अशी पिशवी मृत्युपत्रात नमूद करावी लागेल.

प्लॅस्टिकवाल्यांनी लगेच पेढे वाटू नयेत. हा हिशेब कचरा नीट गोळा करणाऱ्या देशातला आहे, गटारात अडकलेली पिशवी त्यात धरलेलीच नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली, तेव्हा नाले तुंबवणाऱ्यांच्या यादीत याच पिशव्या होत्या. तेव्हा सगळ्यात चांगली पिशवी कुठली, तर घरात आधीच असलेली. जुन्या पँटच्या पायाची आईने शिवलेली पिशवी या बाबतीत अजिंक्य आहे. फक्त ती कुणाला विकता येत नाही.

आणि गोम इथेच आहे. पर्यावरणस्नेही जीवनशैली म्हणून जे काही आपल्यापुढे येतं, त्याला किमतीची चिठ्ठी असते. बांबूचा टूथब्रश घ्या, त्याचे केस बहुतेक वेळा नायलॉनचेच. स्टीलची स्ट्रॉ घ्या. ज्या समाजाने चहासुद्धा बशीत ओतून प्यायला, त्याला स्ट्रॉ विकणाऱ्याच्या धाडसाला माझा नमस्कार. 'आजीच्या काळात सगळं निसर्गाला धरून होतं' हा उमाळाही याच दुकानात मिळतो. आजी चुलीच्या धुरात खोकत भाकऱ्या थापत होती, हे तिथे कुणी सांगत नाही.

आता दिवाळीतल्या हरित फटाक्यांबद्दल. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेले हे फटाके २०१९मध्ये बाजारात आले. साध्या फटाक्यांच्या मानाने त्यांतून धूलिकण सुमारे ३० टक्के कमी निघतात. काम चोखच आहे. पण डब्यावर 'हरित' वाचून माणसाचा हात सैल सुटतो. शंभराच्या जागी सत्तर धूर काढणारा फटाका दीडपट उडवला की धूर होतो एकशेपाच, वर पुण्याची पावती. हे सगळं अशा दिवसांत, जेव्हा थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि धुराला वर जायला वाट नसते. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसात खोलवर उतरतात, तिथून रक्तात जातात. जागतिक आरोग्य संघटना त्यांची वर्षाची सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. आपल्या देशाचं प्रमाण ४० आहे. म्हणजे आठपट घाण असलेली हवासुद्धा आपल्याकडे कागदावर उत्तीर्ण होते.

नियम असे सैल, आणि हिशेब मात्र तुमच्या-माझ्या पिशवीचा आणि फटाक्याचा. पाप असं वैयक्तिक ठरवण्याची युक्ती अमेरिकेत फार पूर्वी सापडली. १९७१च्या वसुंधरा दिनाला तिथे एक जाहिरात झळकली. रस्त्यावरचा कचरा पाहून एका मूलनिवासी माणसाच्या डोळ्यातून अश्रू ओघळतो, आणि प्रदूषण माणसं करतात, थांबवतीलही माणसंच, असं बजावलं जातं. जाहिरातीमागच्या संस्थेला पैसा पुरवणाऱ्यांत शीतपेयं आणि त्यांचे डबे बनवणाऱ्या कंपन्या होत्या. रडणारा नट मुळात इटालियन आईबापांचा मुलगा. पुढे २००४च्या सुमारास प्रत्येकाने आपला कार्बन ठसा मोजावा म्हणून गणकयंत्र लोकांपुढे ठेवलं ते बीपी या तेल कंपनीने. तेव्हापासून आपण मोजतोच आहोत.

आपल्याकडचं मोजमाप पाहा. कोळशावरच्या वीजकेंद्रांनी धुरातलं गंधक कमी करावं, असा नियम डिसेंबर २०१५मध्ये झाला, मुदत दोन वर्षांची. ती वाढत गेली, वाढत गेली, आणि जुलै २०२५मध्ये बहुतांश केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या यादीत देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूरचा क्रमांक चौथा होता. तिथल्या माणसाने बांबूच्या ब्रशने दात घासले म्हणून त्याच्या छातीला काय फरक पडणार?

महाराष्ट्राच्या २०१८च्या प्लॅस्टिकबंदीत दुधाची रिकामी पिशवी परत केल्यास किमान ५० पैसे देण्याची तरतूद होती. तुमच्यापैकी कुणाला ते मिळाले असतील तर नाणं जपून ठेवा, दुर्मीळ आहे.

हिरव्या जीवनशैलीच्या चकचकीत छायाचित्रांत कचरावेचक बाई कधी दिसत नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभी राहिली, तेव्हा कुठे या बायकांच्या हाती ओळखपत्र आलं. शहराचा पुनर्वापर यांच्या हातांनी चालतो. पुठ्ठा विकला जातो, बाटली विकली जाते. वेफर्सच्या पुडक्याला मात्र भंगारात कुणी विचारत नाही, कारण त्यात प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सुटे करणं परवडत नाही. ते पुडकं कसं बनवायचं, हे या बाईने ठरवलेलं नाही, तुम्हीआम्हीही नाही. ज्यांनी ठरवलं, त्यांच्यावर ते परत गोळा करण्याची जबाबदारी प्लॅस्टिक कचऱ्याबद्दलच्या २०१६च्या नियमांनी टाकलेली आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पिशवी जरूर न्या, फटाके कमी उडवा, पण तेवढ्यावर घरी बसू नका. राज्यातल्या महापालिकांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मांडायचा, असा कायदा आहे. तुमच्या शहराचा अहवाल मागवा. त्यात रोज किती सांडपाणी तयार होतं आणि किती शुद्ध होतं, हे दोन आकडे शोधा. त्यांच्यातला फरक तुमच्या नदीत किंवा खाडीत जातो. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला चहा द्या आणि त्या फरकाबद्दल विचारा.