बदलते ते कुठे ठेवावे?

संगणकावर बसवलेल्या पॅकेजबरोबर दोन प्रकारची सामग्री नांदते. एक निर्मात्याने दिलेली. ती प्रत्येक यंत्रावर सारखीच असते आणि वापराने बदलत नाही. दुसरी वापरातून साठते, रोज बदलते, वाढत जाते. या दुसऱ्या सामग्रीला जागा कुठे द्यावी, हा प्रश्न तंत्राचा तितकाच नित्यानित्यविवेकाचा आहे.

लिनक्समध्ये याचा लेखी संकेत १९९४ साली तयार झाला. त्यानुसार स्थिर सामग्री ‘यूएसआर’ शाखेत राहते. ही शाखा केवळ वाचनापुरती ठेवली तरी चालले पाहिजे. बदलती सामग्री ‘व्हार’ शाखेत जाते. तिच्यातही भेद आहे: पुन्हा तयार करता येणारे ‘कॅश’मध्ये, गमावून चालणार नाही ते ‘लिब’मध्ये. वापरकर्त्याच्या ‘होम’ला पॅकेजने हात लावू नये. विंडोजमध्ये कार्यक्रम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये आणि सर्वांची सामाईक बदलती माहिती ‘प्रोग्रॅमडेटा’मध्ये असते, पण दोन्ही सहसा सी ड्राइव्हवरच असतात.

माहिती अवाढव्य झाली की एवढी विभागणी पुरत नाही. जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावात एखाद्या सेवा केंद्राच्या संगणकावर सातबारे आणि पीकविम्याचे अर्ज स्कॅन होऊन वर्षानुवर्षे साठत आहेत, असे समजू. ते सी ड्राइव्हवर असतील तर ड्राइव्ह भरतो, यंत्र अडखळते. शेवटी कोणी फॉरमॅट मारतो आणि कार्यक्रमाबरोबर अर्जही जातात. कार्यक्रम तासाभरात पुन्हा बसतो. त्या फाइली मात्र परत येत नाहीत.

गीतेच्या पंधराव्या अध्यायात क्षर म्हणजे नाशवंत आणि अक्षर म्हणजे अविनाशी असा भेद आहे, आणि साधकाची ओढ क्षराकडून पलीकडे असावी असे परंपरा सांगते. यंत्रात मोलाचा क्रम उलटतो. स्थिर ते कुठूनही मिळते. बदलते ते एकाच ठिकाणी असते, कारण त्यात माणसांचे जगणे उमटलेले असते. अनित्य म्हणून त्याची हेळसांड करणे हा विवेक नव्हे.

कुंभार पिंपळगाव ज्या घनसावंगी तालुक्यात आहे, त्यातल्याच जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी प्रपंच नेटका करण्यावर भर दिला. दासबोधात लेखनक्रिया सांगताना ते पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडायला सांगतात, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. झीज होणारच हे धरून रचना करावी, हा त्यातला विचार.

पॅकेज रचणाऱ्याचे कर्तव्य त्यातूनच ठरते. मोठ्या बदलत्या फाइलींना कार्यक्रमापासून वेगळी, ठरलेली जागा द्यावी. ती दुसऱ्या डिस्कवर हलवण्याची मुभा ठेवावी. लिहिण्याचा अधिकार गरजेपुरताच द्यावा. आणि पॅकेज काढताना स्पष्ट आज्ञेशिवाय त्या पुसू नयेत. लिनक्सच्या डेबियन वितरणात ‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ या वेगळ्या आज्ञा आहेत, त्यामागे हीच सावधगिरी आहे. पॅकेज त्या माहितीचा विश्वस्त आहे. तिचा धनी वापरणारा माणूस.