गोटमारीचा हिशेब

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड उभं असतं. ते तिथं उगवलेलं नसतं. रानातून तोडून आणायचं, पात्रात रोवायचं आणि शेंड्याला झेंडा बांधायचा, हा मान सावरगावातल्या एका घराण्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. पूजा होते, नारळ फुटतात. मग या तीरावरचं पांढुर्णा आणि त्या तीरावरचं सावरगाव एकमेकांवर दगड फेकू लागतात, ते थेट दिवस कलेपर्यंत. झेंडा ज्यांच्या हाती लागेल ते जिंकले. झाड चंडीमातेला वाहायचं.

संध्याकाळी आकडा येतो. जखमी शेकड्यांनी मोजले जातात. १९५५ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर डझनाहून अधिक माणसं या दगडांनी गेली आहेत. १९७८ आणि १९८७ साली पोलिसांनी गोळीबारही केला. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू बाजूला पडले आणि हात पुन्हा गोट्यांकडे वळले. जमावबंदी, रुग्णवाहिका, नदीकाठी डॉक्टरांची पथकं, अलीकडे वरून फिरणारे ड्रोन, एवढं सगळं झालं. जखमी कमी भरले तर बंदोबस्त यशस्वी, जास्त भरले तर फसला, इतकंच त्याचं मूल्यमापन होतं.

पण ज्या घरातला माणूस या पात्रात पडला, ते घर या हिशेबात कुठं असतं? गावात बैल सजतात, दारांना तोरणं लागतात, आणि त्या घरात तीच तिथी दुखवट्याची होते. त्यांचा आकडा त्या वर्षीच संपला. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नाही.

हा प्रश्न व्यवस्थेपेक्षा धर्माचा जास्त आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात देहाला पीडा देणाऱ्या घोर तपाला आसुरी म्हटलं आहे, कारण त्यात देहाबरोबर देहात वसणाऱ्यालाही छळलं जातं. तेवढ्या आधारावर गोटमारीला अधर्म ठरवून मोकळं होता येईल. मात्र तसं ठरवणारा माणूस बहुधा नदीकाठी उभा राहिलेला नसतो, आणि उभा असणारा त्याचं ऐकत नाही. त्यापेक्षा गाव स्वतः सांगतं ती कथा नीट ऐकावी. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीच्या मधोमध अडकले, दोन्ही तीरांवरून दगड आले आणि दोघंही तिथंच गेली. कथा इथं थांबत नाही. लोकांना आपल्या हातून काय घडलं ते उमगलं. लाजेनं मान खाली घालून त्यांनी दोघांचे देह चंडीमातेपाशी नेले, पूजा केली आणि मग अंत्यसंस्कार केले. म्हणजे या जत्रेच्या मुळाशी पश्चात्ताप आहे. रूढीनं दगड सांभाळले, झाड देवीला नेणंही सांभाळलं. पश्चात्ताप तेवढा मधल्या मध्ये गळून पडला.

मग माणूस गमावलेल्या त्या घरांपर्यंत जायचं कसं? आघात झालेल्या माणसांसाठी कोणतंही काम करताना काय पाळावं, याची सूत्रं अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेनं २०१४ साली मांडली. त्यांत एक गोष्ट ठळक आहे: मदतीच्या रीतीनं जुनी जखम पुन्हा उघडू नये. हे मूल्यमापनालाही लागू पडतं. समजा, कोणी अधिकारी पोळ्याच्या आठवड्यात कागद घेऊन अशा घरी गेला आणि मृत्यूचा तपशील विचारून, सही घेऊन निघून गेला. माहिती मिळेल. पण त्या घरानं आणखी एक गोटा झेलला, याची नोंद कुठं होईल?

मूल्यमापनाचा हा प्रश्न जत्रेपुरता नाही. पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला आणि सौसर त्याच जिल्ह्यात आलं. सौसरजवळ जामसावळीला निजलेल्या हनुमंताचं देऊळ आहे. मन बिघडलेल्या, ‘बाहेरची बाधा’ झाली असं घरच्यांना वाटणाऱ्या माणसांना घेऊन कुटुंबं तिथं येतात आणि देवाच्या सान्निध्यात राहतात. अशा ठिकाणाचं मोल करायचं कसं? तमिळनाडूतल्या एका देवळात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी बंगळुरूच्या मानसोपचारतज्ज्ञांनी केली. ती २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. देवळात औषध नव्हतं, मोठे विधीही नव्हते. छोटी कामं, रोजची पूजा आणि सोबतीला घरचं माणूस. रुग्ण सरासरी सहा आठवडे राहिले आणि त्यांच्या लक्षणांची तीव्रता सुमारे २० टक्क्यांनी उतरली. चमत्कार शोधत बसणाऱ्याला तिथं काहीच दिसलं नसतं. आसरा शोधणाऱ्याला पुष्कळ दिसलं.

त्याच तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या आश्रयगृहात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. तेही आसऱ्यालाच आले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनोरुग्णाला साखळीनं बांधण्यावर बंदी घातली. म्हणून श्रद्धेच्या जागेला पहिला प्रश्न हाच हवा: इथं आलेल्या माणसाला भीती वाटते का, आणि निघावंसं वाटलं तर निघता येतं का? देव खरा की खोटा, हा वाद त्यानंतरचा.

योग्य गोष्ट मोजल्याचं उदाहरण जवळच आहे. सीमेपलीकडे विदर्भात तीस गावांत विश्राम नावाचा उपक्रम झाला. तिथं पाहिलं ते हे, की खिन्नतेनं खचलेला माणूस मदतीपर्यंत पोचतो का. हे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आकडा मोलाचा ठरला, कारण आधी गावातलीच माणसं दारोदार जाऊन बोलली होती.

या मुलखाला ही रीत नवी नाही. अमरावतीकडचे गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. रस्ते झाडून झाल्यावर रात्री कीर्तन. त्यातही उपदेश थोडा आणि प्रश्न फार, उत्तरं समोरच्यांनीच द्यायची. जत्रेतल्या पशुहत्येविरुद्ध ते आयुष्यभर बोलले आणि लोकांनी ऐकून घेतलं, कारण विचारणारा त्यांच्या अंगणातली घाण उपसून आलेला असे.

गोटमारीकडे असं आधी लोकांत मिसळून कोणी पाहिलं तर त्याला एक गोष्ट सापडेल. अंधार पडेपर्यंत झेंडा कोणाच्याच हाती लागला नाही, तर दोन्ही गावांचे लोक आपसांत बोलून थांबतात आणि झाड एकमतानं चंडीमातेच्या देवळात पोचवतात. दिवसभर रक्त काढणारे हात तेव्हा एकाच झाडाला लागलेले असतात. आजवर किती वर्षी असं झालं, आधी कोणत्या तीरानं हात थांबवला, मध्यस्थीला कोण उतरलं, हे जुन्या माणसांना विचारून लिहून ठेवता येईल. ज्या घरांनी माणूस गमावला, त्यांना त्या वेळी देवळाच्या पायरीवर यावंसं वाटतं का, हेही विचारता येईल. पोळा सरून काही दिवस गेल्यावर, आणि त्यांनी बसा म्हटलं तरच.