कोळिणीचे चित्र आणि ‘आतली’ नजर

युरोपीय चित्रकलेतील पौर्वात्य स्त्रीची प्रतिमा हा विषय आता प्राच्यवादाच्या चर्चेत जवळजवळ सिद्धान्तासारखा स्थिरावला आहे. पूर्वेकडे कधीही न गेलेल्या अँग्रने १८१४ साली ‘ओदालिस्क’ रंगवली. दलाक्र्वा १८३२ मध्ये अल्जियर्सला गेला, एका घरातल्या स्त्रिया त्याला पाहावयास मिळाल्या, आणि १८३४ मध्ये त्यांचे भव्य चित्र पॅरिसमध्ये मांडले गेले. त्याने तेथे केलेल्या रेखाटनांवर त्या स्त्रियांची नावे टिपलेली आहेत. तैलचित्राच्या शीर्षकात मात्र त्या केवळ ‘अल्जियर्सच्या स्त्रिया’ उरतात. एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या ग्रंथानंतर या प्रवासाचा अर्थ लावणे अवघड राहिलेले नाही. पाहणारा बाहेरचा, पाहिली जाणारी आतली. या मांडणीतून निघणारा नैतिक निष्कर्ष फार सहज हाती येतो, आणि म्हणूनच तो तपासून पाहावयास हवा.

त्यासाठी एक मराठी उदाहरण घेतो. आय.सी.एस. अधिकारी ऑटो रॉथफेल्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ हे पुस्तक मुंबईच्या तारापोरवाला यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील अठ्ठेचाळीस चित्रे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांची आहेत. धुरंधर कोल्हापूरचे, पाठारे प्रभू, सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून त्यांनी एकेचाळीस वर्षे काढली. येथे पुस्तक साहेबाचे, हात मात्र आपल्या माणसाचा. मग नजर कोणाची?

धुरंधरांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांच्या स्त्रिया अंतःपुरात लोळत पडलेल्या नाहीत. त्या देवळाला निघतात, ओझे वाहतात. नऊवारीचा कासोटा कसा बसतो, पदर कोठे खोचला जातो, हे त्यांना ठाऊक आहे, आणि हे ठाऊक असणे ही केवळ तांत्रिक बाब नाही. ज्याची पर्वा नाही त्याच्या वस्त्राच्या निऱ्या कोणी इतक्या निगुतीने काढत नाही. आपल्याकडील कलासमीक्षा या ठिकाणी थांबते आणि ‘मराठी स्त्रीचे अस्सल दर्शन’ असे म्हणून मोकळी होते.

मी राहतो त्या रोडपालीला मासळी विकावयास बसणाऱ्या एका वयस्क बाईंना मी या पुस्तकातील मुंबईच्या कोळिणीच्या चित्राची छायाप्रत दाखविली. लुगडे नेसण्याची तऱ्हा त्यांना मान्य झाली. मग त्यांनी विचारले, “ही कोनाची?” प्रश्न चित्रकाराविषयी नव्हता. ही कोणाची लेक, कोणत्या घरची, एवढेच त्यांना हवे होते. मला चित्रकार, लेखक, प्रकाशक, साल, सारे सांगता येत होते.

यावर आक्षेप येईल की निनावीपण हा चित्रकलेचा सार्वत्रिक धर्म आहे. पॅरिसच्या कलाशाळांतून बसणाऱ्या कितीतरी स्त्रियांची नावे आपणांस माहीत नाहीत. आक्षेप रास्त आहे. नाव नसणे हा स्वतःच दोष नव्हे. दोष संभवतो तो मालिकेत. अठ्ठेचाळीस चित्रे एका बांधणीत आली की प्रत्येक स्त्री पुढच्या स्त्रीहून वेगळी दिसण्यापुरतीच उरते. तिचे प्रयोजन तिच्यात न राहता वर्गीकरणात जाते. आणि हे वर्गीकरण निरागस नाही. चित्रांच्या इंग्रजी शीर्षकांतच पाहा: ब्राह्मण वा खोजा स्त्री ही ‘लेडी’ आहे, गोंड स्त्री ‘वुमन’, भिल्ल स्त्री ‘गर्ल’.

ही उतरंड साहेबाने एकट्याने रचली काय? शब्द त्याचे असतील. पण सभ्य स्त्री कोणती आणि नुसती बाई कोणती, हा भेद आपल्या समाजाला त्याच्याकडून शिकावा लागला नव्हता. साम्राज्याची नजर आणि जातीची नजर येथे एकमेकींना अडखळत नाहीत. त्या सहज एका पानावर बसतात. प्राच्यवादाची मांडणी ‘आत’ हे एकसंध स्थान मानते तेव्हा नेमका हाच सांधा तिच्या हातून निसटतो. प्रभू चित्रकार कोळिणीच्या संदर्भात कितपत ‘आतला’ होता, हा प्रश्न आपण विचारीत नाही, कारण साहेबाच्या तुलनेत तो आपला ठरतो, आणि तेवढ्याने आपले समाधान होते.

याचा अर्थ धुरंधरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असा नाही. मागणीबरहुकूम चित्रे काढणे हा त्यांच्या व्यवसायाचा भाग होता, आणि किंकेडच्या दख्खनी कहाण्यांसाठी त्यांनी काढलेली चित्रे आजही आनंद देतात. माझा आक्षेप त्यांच्या वाचकांवर, म्हणजे आपल्यावर आहे: जवळीक हे आपण नैतिक प्रमाणपत्र समजतो. अचूकपणात आस्था असू शकते. परंतु ज्या व्यक्तीविषयी आपण अचूक असतो, तिला उत्तरदायी असणे ही निराळी गोष्ट आहे. अँग्रपाशी दोन्ही नव्हते. धुरंधरांपाशी पहिले विपुल होते, आणि त्या विपुलतेमुळेच दुसऱ्याचा अभाव आपल्या डोळ्यांत भरत नाही.

त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही जे. जे.मध्येच शिकल्या आणि चित्रकार झाल्या. स्त्रीच्या हाती कुंचला आला म्हणजे नजर बदललीच, असे त्यांच्याबाबत आधीच गृहीत धरण्याचा मोह होतो. तसे केल्यास ‘आतले’पणाचे तेच प्रमाणपत्र आपण केवळ दुसऱ्या नावाने देऊ. त्यांच्या चित्रांतील स्त्रियांकडेही मासळी विकणाऱ्या बाईंचाच प्रश्न घेऊन जावे लागेल.