प्रमाणपत्राच्या पलीकडे

ऑनलाइन प्रशिक्षणाचं नाव काढलं की शिक्षकांच्या कपाळावर आठ्या पडतात. तरी त्याचे उपकार नाकारता येणार नाहीत. २००३ साली सुरू झालेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमामुळे आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं कुणालाही घरबसल्या ऐकता येऊ लागली. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे सरकारी शिक्षण-व्यासपीठ आलं आणि कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, शिक्षकांसाठीचं 'निष्ठा' प्रशिक्षणही त्यावर आलं. न समजलेला भाग तीनदा लावून बघता येतो. दुर्गम वस्तीवरच्या एकट्या विज्ञानशिक्षकाला ही सोय फार मोलाची आहे.

तरीही शिक्षकांच्या ग्रुपवर चर्चा असते ती लिंक आली का आणि प्रमाणपत्र निघालं का, याचीच. व्हिडिओ एकीकडे चालू, दुसरीकडे वह्या तपासणं चालू. यात शिक्षकांचा दोष मला दिसत नाही. कार्यालय प्रमाणपत्र मागतं, म्हणून शिक्षक प्रमाणपत्र देतात.

मुख्य अडचण वेगळीच आहे. पडद्यावरचा प्रयोग कधी फसत नाही. विद्युतचुंबकाचंच घ्या. व्हिडिओत खिळ्याभोवती तार गुंडाळतात, सेल जोडतात आणि टाचण्या पटापट चिकटतात. वर्गात मात्र एकही टाचणी हलत नाही. सेल बदलला, वेढे वाढवले, तरी काही नाही. शेवटी कुणाच्या तरी लक्षात येतं, की तांब्याच्या तारेवर इनॅमलचा पातळ लेप असतो आणि टोकं पॉलिश पेपरने घासलेलीच नाहीत. वीजरोधक म्हणजे काय, हे मुलांना त्या क्षणी जितकं कळतं तितकं व्याख्या पाठ करून कळत नाही. पण ही गोष्ट सांगायला बहुतेक कोर्समध्ये जागाच नसते. तिथे चार पर्याय असतात आणि त्यातला एक बरोबर असतो.

मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने स्वतः करून बघण्याचं हे महत्त्व फार आधी ओळखलं होतं. तिथे शिक्षक प्रशिक्षणात स्वतः प्रयोग करत आणि पुढे मासिक बैठकीत वर्गातल्या अडचणी मांडत. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला, याची हळहळ आजही वाटते.

आपल्याकडे एका केंद्रातल्या शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद आहेच. कोर्स तयार करणाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना एवढीच विनंती: व्हिडिओ घरी बघू द्या, पण परिषदेतला एक तास फसलेल्या प्रयोगांसाठी राखून ठेवा, आणि त्या तासाला कुणाकडूनही अहवाल मागू नका.