दयेला डोळे हवेत

पोलादपूर तालुक्यातील उमरठचे नाव निघाले की नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी आठवते. आज मात्र त्या परिसराच्या निमित्ताने आम्ही शौर्याऐवजी दयेचा विचार वाचकांपुढे मांडू इच्छितो. हेतू निर्मळ असताना हातून अनर्थ घडला, तर त्याची जबाबदारी आपल्यावर येते काय?

सह्याद्रीच्या कुशीतील या भागात पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांतले, शेतांतले खेकडे बाहेर पडतात. गोड्या पाण्यातील या खेकड्यांची मादी आपली अंडी पोटाच्या पदराखाली बाळगते. त्यांतून थेट इवलेसे खेकडेच जन्मतात आणि काही काळ आईच्या पोटाशी बिलगून राहतात. अशी लेकुरवाळी मादी हाती लागली, तर तिला पुन्हा पाण्यात सोडावे हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडत नाही. डोळ्यांना दिसते, म्हणून मनाला पटते. परंतु जे दिसत नाही, त्याचे काय?

गिधाडांच्या बाबतीत नेमके हेच घडले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या हजारी एकावर आली. त्याचे कारण २००४ साली उघड झाले. गुराढोरांच्या वेदना शमविण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे ते कारण होते. औषध दिल्यावर लवकरच जनावर दगावले, तर ते मांसावाटे गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होत.

वस्तुतः गिधाडाचे पोट हे निसर्गाचे एक नवल आहे. अमेरिका खंडातील गिधाडांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या आतड्यांत प्रामुख्याने अशा गटांचे जिवाणू आढळले, ज्यांतील काही इतर प्राण्यांना घातक ठरतात. कुजक्या मांसावर सुखाने जगणारा पक्षी माणसाच्या औषधाने मेला. शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे शंभरांत एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असले, तरी एवढ्या संहारास ते पुरेसे होते. कारण एका जनावरावर अनेक गिधाडे उतरतात, आणि त्यांची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. गेलेल्यांची जागा भरून निघणार तरी कशी?

परदेशातही असे घडले आहे. क्रेफिश हा शेवंडीचा गोड्या पाण्यातील भाऊबंद. आपल्या खेकडीप्रमाणेच त्याची मादीही पिले पोटाखाली सांभाळते. स्वीडनमध्ये साथीने ओस पडलेली तळी पुन्हा नांदती व्हावीत, म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकेतून क्रेफिश आणून सोडले गेले. त्या पाहुण्यांच्या अंगी त्याच साथीचे सूक्ष्म जंतू होते. त्यांना स्वतःला ते सहसा बाधत नसत. स्थानिक क्रेफिश मात्र बळी पडले.

गायीच्या दुखण्याने कळवळलेल्या शेतकऱ्याला दोषी कोण म्हणेल? अज्ञान हे क्षम्य असते, असे आम्हांस वाटते. परंतु ज्ञान झाल्यावर ती सवलत उरत नाही. २००६ साली सरकारने गुरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी आणली. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅमही उपलब्ध झाले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोहोचत राहिल्या, आणि २०१५ साली त्या बाटल्यांवर तीन मिलिलिटरची मर्यादा घालावी लागली. पहिला अनर्थ अजाणतेपणी घडला होता. दुसऱ्याला आपली सोय आणि काटकसर जबाबदार होती.

उमरठच्याच रायगड जिल्ह्यात याला उत्तरही सापडते. म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे गिधाडे टिकावीत, म्हणून महाडची सिस्केप ही संस्था आणि ग्रामस्थ झटत आले आहेत. ज्या पक्ष्याला आपण अमंगळ म्हणून हाकलत आलो, त्याच्या घरट्याची राखण करणे ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्यापैकी ज्यांच्या दारी गाय-बैल आहेत, त्यांनी पशुवैद्याला औषधाचे नाव अवश्य विचारावे; आणि उपचार चालू असताना जनावर दगावले, तर ते उघड्यावर न टाकता पुरावे. यात कष्ट थोडे आहेत. गायीवरची माया त्यामुळे उणी होत नाही. उलट ती आपल्या गोठ्यापलीकडे, कधी न पाहिलेल्या घरट्यातील एकुलत्या एका पिलापर्यंत पोहोचते.