अंडे न देणारी कोंबडी आणि माळकऱ्याचे घर

हरिकथेच्या या पानांत कोंबडीचा विषय आलेला पाहून काही वाचक नाक मुरडतील. माळकऱ्याच्या मासिकात कोंबडी कशाला, असेही म्हणतील. परंतु वऱ्हाडातले घर जसे आहे तसेच आम्हांस पाहिले पाहिजे. अमरावती-अकोल्याकडच्या कितीतरी खेड्यांत म्हाताऱ्याच्या गळ्यात माळ असते, घरात एकादशी होते, आणि त्याच घराच्या परसात, कुटाराच्या ढिगाशेजारी, सुनेच्या चार-सहा कोंबड्या माती उकरीत असतात. सुनेने माळ घेतलेली नसते. अंडी आठवडी बाजारात जातात आणि त्या पैशांत तेल-मीठ येते. म्हातारा अंड्याला शिवत नाही हे खरे. पण त्या तेलाची फोडणी त्याच्याही ताटात पडते. तेव्हा हा प्रश्न आपल्या अंगणातलाच आहे.

प्रश्न असा की, कोंबडी म्हातारी झाली म्हणजे तिचे काय करावे? गावरान कोंबडी सहाव्या-सातव्या महिन्याला अंड्यावर येते. पहिली दोन वर्षे ती बरी चालते, पुढे अंडी कमी कमी होत जातात आणि एक दिवस बंद पडतात. पण अंडी थांबली म्हणजे आयुष्य संपले असे नव्हे. घार, मुंगूस आणि रोग यांच्या तावडीतून सुटली तर ती सात-आठ वर्षेही जगते. म्हणजे तिचे अर्धे आयुष्य आमच्या हिशेबी फुकटचे! हे फुकटचे आयुष्य तिला जगू द्यायचे की नाही, एवढीच गोष्ट आहे. पण ती वाटते तितकी लहान नाही.

माळकरी म्हणतो, "आम्ही काही कापत नाही बाप्पा." बरोबर आहे. तो फक्त तिचे पाय बांधतो, पिशवीत घालतो आणि शुक्रवारच्या बाजारात विकून येतो. आषाढात आखाडीचे दिवस आले की गिऱ्हाइकाला तोटा नसतो. सुरी दुसऱ्याच्या हातात असते, दोरी मात्र आमच्या हातची असते. ज्या माउलीच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची पंचाईत आहे तिने कोंबडी विकली तर तिला आम्ही एक शब्द बोलणार नाही. बोलण्याचा आमचा अधिकारच नाही. परंतु ज्याच्या घरी ज्वारीची पोती आहेत, कपाशीचे पैसे आलेले आहेत, त्याने मूठभर कण्यांचा हिशेब सांगू नये. पिंजऱ्यातल्या कोंबडीला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास खाद्य लागते. परसातली तर किडा-मुंगी, सांडलेले दाणे, भाजीचे देठ यांवरच निम्मे पोट भरते. तिच्या पोटाने कोणाचे घर बुडाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आपल्या वऱ्हाडाने या बाबतीत एक मोठे उदाहरण जगापुढे ठेवले आहे. श्री गाडगेबाबा हे अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६ चा. त्यांच्या घरी मुलीचे बारसे निघाले. जातीच्या रिवाजाप्रमाणे बारशाला मटण आणि दारू हवीच होती. बाबांनी दोन्ही बंद केले आणि पंगतीला गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रागावले, बाबा हलले नाहीत. पुढे कीर्तनाकीर्तनांतून त्यांनी देवापुढे कोंबडी-बकरे कापणाऱ्यांना झोडपून काढले, आणि मूर्तिजापूरला गोरक्षणाचे कामही उभे केले. बाबांचा जयजयकार आम्ही मोठ्याने करतो. पण बाबांनी ज्या जिवासाठी भाऊबंदांचा राग पत्करला, तोच जीव आमच्या परसात म्हातारा होऊन बसला की आम्हांला तो दिसेनासा होतो.

अकोल्याकडच्या एका वृद्ध माउलीला कोणीतरी म्हणाले, "बुढे, अंडं देत नाही तं काहून पोसतं तिले? टाक इकून." तिने उत्तर दिले, "मीबी आता निंदाले जात नाही, मले कोन्या बजारात न्याल?" यावर आम्ही अधिक काय लिहावे!

आता पोसायचे म्हणजे काय करायचे, तेही सांगितले पाहिजे. नुसते मारले नाही म्हणजे सांभाळले असे होत नाही. म्हातारी कोंबडी उंच उडू शकत नाही. रात्री लिंबावर किंवा आढ्यावर बसायला जाते आणि पडते. तिच्यासाठी डाले जमिनीवरच ठेवावे, खाली कोरडे कुटार घालावे. ती उकरणे कमी करते, म्हणून नखे वाढून वाकडी होतात आणि चालताना अडतात. त्यांची टोके जपून कापावीत, आतली रक्ताची शीर सोडून. तरण्या कोंबड्या तिला टोचून दाण्यावरून हाकलतात, म्हणून तिला वेगळे खायला घालावे. ज्वारीच्या कण्या भिजवून दिल्या तर बरे. आणि आमचा वऱ्हाडी उन्हाळा! अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही; ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते. टिनाच्या छपराखाली कोंडलेली कोंबडी दुपारी दोन वाजता मरून पडते. टिनावर ओले पोते टाकावे, पाण्याचे भांडे सावलीत ठेवून ते दिवसातून दोनदा बदलावे. ही कामे फार नाहीत, पण ती रोजची आहेत. नेमाची किंमत वारकऱ्याला आम्ही का सांगावी?

इथे एक शंका निघते आणि ती खरी आहे. अशा जिवाला इतके जपले, त्याला नाव ठेवले, आणि तो गेला म्हणून डोळ्यांत पाणी आले, तर तो मोह नव्हे काय? भागवतात जडभरताची कथा आहे. राज्य सोडून गंडकीच्या काठी तप करणाऱ्या भरतराजाने नदीत पडलेले हरणाचे पाडस काढले, वाढविले, त्याच्यात इतका गुंतला की नित्यकर्म सुटले, आणि अंतकाळी त्याच हरणाचे ध्यान लागून पुढचा जन्म हरणाचा घेतला. एकनाथमहाराजांनी ज्या अकराव्या स्कंधावर टीका केली, त्यातही अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये कपोत आहे. बायको-पिले जाळ्यात सापडलेली पाहून त्या पक्ष्याने आपणही जाळ्यात उडी घेतली. मग म्हाताऱ्या कोंबडीसाठी रडणाऱ्याला शास्त्र काय म्हणेल?

आम्हांस असे वाटते की ही कथा आपण अर्धीच ऐकतो. पाडस पाण्यातून काढले हा भरताचा दोष असे भागवत म्हणत नाही. ते न काढता तो जप करीत बसला असता तर त्या जपाला काय म्हणावे? दोष पुढचा: त्या एका पाडसापुढे त्याला बाकीचे सारे दिसेनासे झाले. कपोताचेही तेच. जग त्याच्या घरट्याएवढे होते, घरटे गेले आणि जग गेले. मोह ओळखण्याची खूण डोळ्यांतल्या पाण्यात शोधू नये, हातांकडे पाहावे. एक कोंबडी गेली म्हणून उरलेल्या पाच जणींना पाणी घालायचे राहिले तर तो मोह. डोळे पुसत पुसत पाणी घातले तर त्याला मोह म्हणायला आम्ही तयार नाही. दुसरी गोष्ट अशी की, मोहाला काहीतरी हवे असते. दुभत्या गाईवर प्रेम करणे सोपे आहे. जिच्यापासून अंडे नाही, पिल्लू नाही, काही म्हणता काही नाही, तिच्यासाठी जो रोज कण्या भिजवितो त्याच्या प्रेमात 'हवे'चा अंश फार थोडा उरतो.

जुन्नर तालुक्यात आळे या गावी रेड्याची समाधी आहे. ज्याच्या मुखातून माउलींनी वेद बोलविले तो हा रेडा, आणि ही समाधी माउलींनीच दिली, असे परंपरा सांगते. पैठणचे काम झाल्यावर त्या रेड्याचे काय काम उरले होते? तरी तो बरोबर राहिला, आणि गेला तेव्हा त्याला माती मिळाली. ज्ञानियांच्या राजाला मोह झाला, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

सगळ्याच म्हातारपणाने जात नाहीत. मानमोडी, ज्याला राणीखेत म्हणतात, ती आली की चार दिवसांत खुराडे रिकामे होते. मान पिळवटते, हिरवी हगवण लागते. एकदा लागण झाली की औषध नाही. लस आधी टोचायची असते. ती टोचली नाही आणि मग नशिबाला बोल लावला, हे बरे नव्हे. बर्ड फ्ल्यूची गोष्ट याहून अवघड आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात तो आला, तेव्हा सरकारी पथकांनी कोंबड्या नष्ट केल्या. नवापुरात तर घरोघर फिरून परसातल्याही नेल्या. धडधाकट दिसणारी, वर्षानुवर्षे सांभाळलेली कोंबडी अशी नेताना त्या बायाबापड्यांना काय वाटले असेल! तरी अशा वेळी पलंगाखाली कोंबडी लपविणे ही दया नव्हे. तो रोग माणसांनाही लागतो, शेजारच्या लेकराला लागू शकतो. भूतदयेत ते लेकरूही येते.

कोंबडी मेली की तिला नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकू नये. हातभर खोल खड्डा करावा, रोगाने गेली असेल तर वर चुना टाकावा. घरातली पोरे रडतात. त्यांना "कोंबडीच तर होती" असे म्हणू नये. त्यांच्या हातून माती लोटवावी. काही घरांत पोरे हळूच 'विठ्ठल विठ्ठल' म्हणतात. म्हणू द्यावे.

राहता राहिली वारी. शेगावहून श्री गजाननमहाराजांची पालखी निघते, अकोल्यावरून पुढे जाते. महिनाभराहून अधिक दिवस घर सुटते. घरी कोणी नसेल तर म्हाताऱ्या कोंबडीचे काय, असे एका वारकरी बाईने आम्हांस विचारले होते. त्यासाठी वारी चुकवू नये आणि तिला निघण्याच्या आधल्या बाजारात विकूही नये. शेजारणीकडे पसाभर कण्या रोजच्या हिशेबाने मोजून द्याव्यात, डाले तिच्या ओसरीवर नेऊन ठेवावे, आणि कोंबडीच्या पायाला रंगीत चिंधी बांधावी म्हणजे ओळखू येईल. परत येताना शेजारणीसाठी पंढरपूरचे चुरमुरे आणि बुक्का आणावा. आणि कोंबडी मधल्या काळात गेली असेल, तर शेजारणीला दोष न देता कुठे पुरली एवढे विचारावे.