एकाच गवताची तीन नावं

शरदातलं ऊन पनवेलमध्ये एकदम अंगावर येतं. गणपती जाईपर्यंत पाऊस असतो आणि नवरात्र सरता सरता माती तडकायला लागते. आमच्या तळमजल्याच्या घरामागे 12 फूट लांब, 8 फूट रुंद जमिनीचा तुकडा आहे. दसरा झाला की मी तो खणते, शेणखत मिसळते आणि मुळा, मेथी, लाल माठ पेरते. कुंपणाच्या कडेने वाल. मुळ्याचं बी चार-पाच दिवसांत वर येतं. पण त्याच्याही आधी येते ती हराळी.

हराळी ओढून निघत नाही. वरची काडी तुटून हातात येते, खालचा पांढरा कांडा मातीतच राहतो. तिच्या पेरापेराला मुळं फुटतात. बोटभर तुकडा मागे राहिला तरी पंधरा दिवसांत वाफा तिचाच. म्हणून माती भिजवायची, खुरपं खोल घालायचं आणि कांडा सबंध काढायचा.

यंदा काढता काढता हात थांबला. महिन्यापूर्वी गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी वाहिली, ती हीच की! इमारतीच्या पुढे लॉन आहे, तेही याच गवताचं. देवापुढे दूर्वा, दारापुढे लॉन, वाफ्यात हराळी. महानारायण उपनिषदात दूर्वेची प्रार्थना आहे. पेरापेरातून वाढत जाण्याच्या तिच्या गुणाचीच तिथे थोरवी गायली आहे. देवघरात मी ज्याला हात जोडते, त्याच गुणावर परसात चिडते. गवत दोन्हीकडे तेच आहे. मग फरक कुठे पडला?

अशा वेळी मला सावता माळी आठवतात. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला. आजही इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात आणि अरणला मात्र विठ्ठलाची पालखी येते. पण मळा राखायचा तर सावतोबांनीही खुरपणी केलीच असणार. मुळ्यात विठ्ठल असेल तर मुळ्याशेजारच्या तणात कोण? आणि तो दिसत असताना खुरपं चाललं कसं?

सगळ्यांत देव आहे, म्हणून काहीच उपटू नये, असं एक उत्तर देता येईल. माझी जैन शेजारीण मुळा खात नाही. ‘तो उपटला की अख्खं झाडच जातं,’ असं ती म्हणते, आणि ते खरं आहे. तिच्यासाठी मी मेथी मुळासकट न काढता वरून खुडते. बुडखा पुन्हा फुटतो. तिचा नेम मला मोठा वाटतो. पण खुरपं खाली ठेवून मी मोकळी होत नाही. तण राहू दिलं तर कोवळा मुळा मरतो. न उपटणं हीसुद्धा निवडच आहे.

दुसरं उत्तर असं, की जमीन माझी, नको ते मारून टाकावं. गेल्या वर्षी लॉनमधल्या रानटी रोपांवर कुणाच्या तरी सांगण्यावरून तणनाशक मारलं गेलं. रोपांबरोबर लॉनही पिवळं पडलं. विषाला तिन्ही नावं सारखीच.

वाट दाखवली ती रानभाज्या विकायला येणाऱ्या मावशींनी. मी वाफ्यातला भांबुर्डा उपटत होते. त्या म्हणाल्या, “ताई, समदा काढू नका. पोपटीला कुठून आणाल?” थंडीत आमच्या रायगडात वालाच्या शेंगांची पोपटी लागते. मडक्यात पाणी घालत नाहीत. तळाला आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला दाबतात, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. त्या पाल्याच्या वासाशिवाय पोपटी नाही. ज्याला मी तण म्हणून फेकत होते, तेच माझ्या वालाला चव देणार होतं.

‘तण’ हे नाव झाडाच्या अंगी नसतं. ते माझ्या गरजेतून येतं, आणि गरज ऋतूगणिक बदलते. पोट आहे तोवर निवडावं लागणार, खुरपं चालवावं लागणार. मात्र उपटताना त्या रोपाला हीन ठरवण्याचा अधिकार मला नाही. वाफ्यापुरतंच काढावं, विष घालू नये आणि जे काढलं त्याला शक्य तिथे जागा द्यावी. सावतोबांचं खुरपं असंच चाललं असेल, असं मला वाटतं.

यंदा भांबुर्ड्याची चार रोपं कुंपणाशी ठेवली आहेत. वाफ्यातून निघालेली हराळी कोजागरीला समोरच्या लॉनमध्ये, गेल्या वर्षी जळालेल्या जागी लावली. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं आणि कापणाऱ्या दादांना तिथे यंत्र फिरवू दिलं नाही. वसुबारसेला पाहिलं तेव्हा ती चार बोटं पुढे सरकली होती.